मोजणीदारानं हलवलेलं झाड

वासुदेवराव भोयर आमच्या रविवार मंडळात आले १९७४ साली. पहिल्याच दिवशी त्यांनी ताराचंद मास्तरांना विचारलं, "मास्तर, चित्राची उत्तर दिशा कोणत्या अंगाले धरता तुम्ही?"

मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. वीस वर्षांत पोरांनी त्यांना नाही नाही ते प्रश्न विचारले होते, पण हा नव्हता विचारला. ते म्हणाले, "चित्राले उत्तर दिशा नसते, वासुदेवराव." वासुदेवरावांनी समजल्यासारखी मान हलवली आणि तरीही कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक बाण काढून त्यावर 'उ' लिहिलं.

मंडळ म्हणजे हिंगणघाटची आम्ही पाच-सहा माणसं. पाऊस आणि उन्हाळा सोडून दर रविवारी सायकलीनं नाहीतर एसटीनं कुठंतरी जायचं, उघड्यावर बसायचं, समोर दिसेल ते रंगवायचं, डबे खायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. मी जिनिंगमध्ये कारकून होतो. सुलोचनाबाई दवाखान्यात नर्स होत्या. वेळेवर येणारं माणूस आमच्यात ते एकच. मास्तर सगळ्यांचे गुरू. निघायच्या आधी सगळी चित्रं जमिनीवर मांडून कोपऱ्यांवर गोटे ठेवायचे आणि मास्तरांनी एकेकापुढं उभं राहून मत द्यायचं, असा रिवाज होता. ते कुणाची भीडभाड ठेवत नसत. माझ्या चित्रापुढं ते "रंग बरे आहेत" एवढंच म्हणत आणि पुढं सरकत. मी तेवढ्यावर तेरा वर्षं काढली.

वासुदेवराव मूळचे नाचणगावचे. घरी शेती, तीन भाऊ. हे मधले. मॅट्रिक झाले आणि भूमापनाच्या खात्यात लागले. कागदोपत्री भूकरमापक, लोकांच्या तोंडी मोजणीदार. त्यांच्याबद्दल तालुक्यात एक गोष्ट सांगत. सख्ख्या थोरल्या भावाच्या वावराची मोजणी यांच्याकडे आली, आणि भावानं शेजाऱ्याचं दोन हात रान दाबल्याचं निघालं. यांनी ते तसंच लिहून दिलं आणि मग त्याच भावाच्या घरी जेवायला गेले. वहिनीनं वाढलं की नाही, याबद्दल दोन मतं आहेत.

जमिनीवर आहे आणि कागदावर नाही, ही त्यांच्या खात्यात चूक. कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, हा गुन्हा. हेच ते चित्रात घेऊन आले. हात लांब करून फूटपट्टी डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, आणि समोरच्या प्रत्येक झाडाची, खांबाची, गोठ्याची जागा कागदावर बारीक खुणेनं टिपायची. झाडांना नंबर द्यायचे : झा. १, झा. २, झा. ३. मग रंग. रंग त्यांचे वडीचे, पातळ, त्यामुळे खालच्या खुणा आणि नंबर वरून स्वच्छ दिसत. खोडरबर ते वापरत नसत. मोजणीच्या कागदावर खोडाखोड चालत नाही, चुकलं तर रेघ मारून बाजूला सही करावी लागते. त्यांच्या एका चित्रात ढगाच्या बाजूला सही आहे.

मास्तर त्यांच्या चित्रापुढं आले की आमचा दिवस वसूल व्हायचा.

"वासुदेवराव, हे काय हाय?"

"विजेचा खांब."

"तो मले बी दिसून राह्यला. चित्रात काऊन आणला?"

"तिथं हाय ना तो."

"तिथं तर ते गाढव बी होतं."

"ते चालतं होतं, मास्तर. चालती वस्तू घेता येत नाई."

"हे चित्र नाई," मास्तर म्हणायचे, "हा नकाशा हाय." आणि पुढच्या चित्राकडं वळायचे. वासुदेवराव कागद उचलून, धूळ झटकून, पिशवीत ठेवायचे. चार वर्षं हे असंच चाललं. त्यांना वाईट वाटत नसेल असं मी समजत होतो. मला त्यांच्याबद्दल बरंच काही समजतं असा माझा तेव्हा समज होता.

एकदा मी विचारलं, इतकं ऐकून घेता, तर येता कशाला? ते सायकलची चेन बसवत होते. वर न पाहता म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं झाली, वावरं पाहून राह्यलो. पण मोजायसाठी पाह्यली. एकांदं वावर नुसतं पाहावं वाटते. जमत नाई, पण वाटते." त्यांची बायको विमलाबाई मात्र म्हणायची की हप्त्यातले सहा दिवस सरकारसाठी उन्हात फिरणारा माणूस सातव्या दिवशी आपल्या हौसेनं उन्हात जाऊन बसतो, त्याला दवाखान्यात दाखवायला पाहिजे. सुलोचनाबाईंना तिनं खरंच औषध विचारलं होतं.

डिसेंबर १९७८ मध्ये आम्ही गिरडला गेलो. वाटेत जाम गावाला एसटी बदलावी लागायची, तिथं तासभर गेला, त्यामुळं मास्तर आधीच तापलेले. टेकडी चढून वर गेलो, दर्ग्यावर माथा टेकवला, आणि मागच्या अंगाला सपाट जागा आहे तिथं बसलो. खाली वावरं पसरलेली. बरोबर मधून एक धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, थेट नाल्यापर्यंत गेलेला. दोन्हीकडं ज्वारी पिकून पिवळी झालेली. धुऱ्याच्या उजवीकडच्या वावरात, दहा-बारा हातांवर, मोहाचं एक मोठं झाड उभं होतं.

वासुदेवरावांनी पट्टी धरून खुणा टिपल्या. मोहाला सातवा नंबर आला. रंगाला हात घालणार तेवढ्यात मास्तर मागे येऊन उभे राहिले. एरवी ते शेवटीच बोलत. त्या दिवशी जामच्या एसटीचा राग शिल्लक होता.

"उजवीकडं टेकडीचा उतार, उजवीकडंच मोह, अन् डावीकडं नुसती ज्वारी. चित्र कलंडून राह्यलं वासुदेवराव. तो मोह उचला अन् धुऱ्याच्या पल्याड ठेवा."

"पल्याड नाई तो."

"मले माहीत हाय पल्याड नाई. तुम्ही ठेवा. अन् हा घ्या माझा पोस्टर कलर. जाड लावा. एक खूण मले वरून दिसली नाई पाह्यजे. आज नकाशा दिसला तर उद्यापासून येऊ नका."

हे जरा जास्तच झालं होतं. सुलोचनाबाईंनी मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी आकाशाकडं. वासुदेवराव ब्रश घेऊन बसून राहिले. अर्धा तास त्यांनी काही केलं नाही. मग फूटपट्टी पिशवीत टाकली आणि रंगवायला लागले. जेवायला हाक मारली तर ओ दिली नाही. डबा तसाच राहिला. मी दोनदा मागून चक्कर मारली. त्यांनी माझी दखल घेतली नाही. पुटपुटत होते काहीतरी. तीन वाजता ते थांबले, आणि झोपेतून उठलेल्या माणसासारखे आमच्याकडं पाहायला लागले.

चित्रं मांडली. मास्तर माझ्यापुढं "रंग बरे आहेत" म्हणाले आणि त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. धुरा नाल्याकडं उतरत होता, ज्वारीवर दुपारचं ऊन होतं, आणि डावीकडं तो मोह एकटा, सगळं वावर धरून उभा होता. माझं सोडा, मास्तरांनाही कधी तसं झाड जमलं नव्हतं. मला सरळ सांगायला हरकत नाही, मला त्या माणसाचा हेवा वाटला.

"हे चित्र हाय," मास्तर म्हणाले.

"पण मास्तर, ते झाड तिथं नाई."

"नसू द्या."

"कोणी विचारलं तर?"

"चित्राले कोण विचारते?"

परत येताना वासुदेवरावांनी जामच्या स्टँडवर दोन वेळा हळूच विचारलं की चित्राखाली एक ओळ लिहिली तर चालेल का : 'मोहाचे झाड मूळ जागेवरून हलविले आहे.' मास्तर नाही म्हणाले. दोन्ही वेळा.

पुढच्या वर्षी वर्ध्याला हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. मास्तरांनी मंडळाची सात चित्रं पाठवली आणि गिरडच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. मंडळाला मिळालेलं पहिलं आणि शेवटचं. बक्षीस समारंभाला आलेल्या एका साहेबांना चित्र आवडलं, आणि त्यांच्या तहसील कचेरीच्या एका खोलीत भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता. दोन्ही गोष्टींचा मेळ बसून चित्र काचेच्या फ्रेममध्ये तिथं गेलं. खाली पट्टी लावली : 'गिरड येथील दृश्य. वा. ना. भोयर, भूकरमापक.' वासुदेवराव कामानिमित्त कचेरीत गेले की त्या खोलीच्या दारात घटकाभर थांबत. आत जात नसत. आत काम नसायचं.

चार वर्षं ते चित्र तिथं राहिलं. त्यातच १९८२ च्या मे महिन्यात गिरडला वादळ झालं आणि तो मोह मुळासकट पडला.

उजवीकडचं वावर भागीरथाबाईचं होतं. नवरा वारलेला, दोन पोरी, घर कुडाचं. तिनं पडलेला मोह कापून आणला, सुताराकडून मयाल, म्हणजे छपराच्या तुळया, करून घेतले, आणि पावसाच्या आधी घरावर नवं छप्पर चढवलं. झाडाच्या जागी पडलेला खड्डा बुजवला, वखर फिरवला, कपाशीची पऱ्हाटी लावली. डावीकडचं वावर तिच्या दिराचं, नत्थूजीचं. तो पाऊसभर गप्प होता. दिवाळीनंतर त्यानं अर्ज दिला, की झाड माझ्या वावरातलं, भावजयीनं चोरून नेलं. मयाल उतरवून माझ्या ताब्यात द्यावेत आणि तिच्यावर चोरीचा गुन्हा घालावा.

नायब तहसीलदारांनी दोघांना बोलावलं. धुऱ्याची मोजणी नव्यानं झाली. धुरा जिथल्या तिथं होता. त्याबद्दल तंटाच नव्हता. झाड धुऱ्याच्या कोणत्या अंगाला होतं, एवढाच प्रश्न, आणि काळ्या मातीत वर्षभरानंतर त्याचा मागमूस राहिला नव्हता. साक्षीदार आले. अर्धे उजवीकडं म्हणाले, अर्धे डावीकडं. नत्थूजीची उठबस ज्यांच्यात होती ते डावीकडं. तलाठ्याचा सातबारा काढला, तर त्यानं 'मोह एक' हे दोघांच्याही वावरात लिहून ठेवलं होतं. कोणाला नाराज करायचं नाही, असा तो माणूस होता.

तेव्हा नत्थूजीनं नायब तहसीलदार साहेबांच्या डोक्याच्या मागं, भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवलं.

"साहेब, हे काय हाय? गिरडचं वावर हाय. हा धुरा, हे माझं रान, हे माझं झाड. खाली मोजणीदाराचं नाव हाय. हा माणूस सख्ख्या भावाचं दोन हात वावर लिहून देते. हा झाड चुकीनं काढंन का?"

साहेबांनी खुर्ची वळवली. माणूस चांगला होता. ते चित्र रोज त्यांच्या पाठीशी असायचं, आणि त्यांना ते आवडायचंही. त्यांनी पट्टी वाचली, झाड पाहिलं, आणि नुसती खातरजमा म्हणून वासुदेवरावांना दुसऱ्या दिवशी बोलावणं पाठवलं. भागीरथाबाईला सांगितलं, "बाई, घरावरचं छप्पर उतरवायची तयारी ठेवा."

वासुदेवरावांनी रात्रीच मास्तरांना आणि मला गाठलं. सकाळी आम्ही तिघं गेलो. खोलीत भागीरथाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, नत्थूजी खुर्चीवर.

साहेबांनी विचारलं, "हे चित्र तुमचं?"

"माझं."

"झाड असंच होतं?"

"नाई साहेब. झाड मी हलवलं."

"हलवलं? कुठून?"

"उजवीकडून डावीकडं."

"कशानं?"

"ब्रशानं."

साहेबांनी चष्मा काढला. "भोयर, तुम्ही सरकारी माणूस. दोन वर्षांत रिटायर व्हाल. तुम्ही खोटं काढलं, असं लिहून देताय?"

"चित्रात. नकाशात नाई."

"का हलवलं?"

वासुदेवरावांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर पुढं झाले. "मी सांगितलं साहेब. चित्र कलंडून राह्यलं होतं."

आम्ही कशाबद्दल बोलतो आहोत ते साहेबांना कळेना. त्यांना एवढंच कळलं की एका गरीब बाईवर दया येऊन, तीस वर्षं खरं बोललेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतोय, आणि दोस्त त्याला साथ देतायत. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तुम्ही कधी चुकीचं काढत नाही, हे अख्खा तालुका जाणतो." नत्थूजीनं मान डोलावली. वासुदेवरावांच्या खरेपणाची एवढी स्तुती मी कधी ऐकली नव्हती, आणि ती ऐकताना भागीरथाबाईनं पदर तोंडाला लावला.

वासुदेवराव चित्रापाशी गेले. मग म्हणाले, "साहेब, खाली पेन्सिल हाय. मी खोडत नाई. फ्रेम उघडू द्या अन् एक गिलास पाणी सांगा."

मास्तरांच्या ते आधी ध्यानात आलं. "वासुदेवराव, नको. आपण गिरडला जाऊ, अजून साक्षीदार आणू."

"किती आणसान मास्तर? तेवढेच तिकडून येतीन."

शिपायानं मागचे खिळे काढले. चित्र टेबलावर ठेवलं. वासुदेवरावांनी आपला धुतलेला रुमाल पाण्यात बुडवून पिळला आणि उजवीकडच्या ज्वारीवर ठेवला. पोस्टर कलर वाळला तरी पाण्यानं सुटतो. चित्रातलं दुपारचं ऊन रुमालावर येऊ लागलं. त्यांनी घासलं नाही, नुसतं टिपत राहिले, रुमालाची घडी बदलून बदलून. रुपयाएवढी जागा पांढरी झाली, मग तळहाताएवढी. त्यात एक उभी खूण, झाडाच्या घेराची बारीक रेघ, आणि बाजूला वळणदार अक्षरात : झा. ७.

साहेब वाकून पाहत होते. नत्थूजीही. तो म्हणाला, "डावीकडच्या झाडाखाली बी असंन पेन्सिल. तिकडं बी पाहा ना."

साहेबांनी वासुदेवरावांकडं पाहिलं. हुकूम दिला नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. न्यायाच्या दृष्टीनं नत्थूजीचं म्हणणं बरोबर होतं. मला त्या माणसाच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि मी दिली नाही, याचा मला अजून पस्तावा आहे.

वासुदेवरावांनी रुमाल गिलासात धुतला. मोहावर ठेवला. आधी शेंडा गेला, मग उजेडाकडचं अंग, मग सावलीतलं, मग बुंधा. मास्तर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली काही निघालं नाही. खूण नाही, नंबर नाही, कोरा कागद.

साहेबांनी अर्ज निकाली काढला. भागीरथाबाई उठून उभी राहिली आणि विचारलं, "मंग माया घरचे मयाल राह्यते ना?"

"राहतात," साहेब म्हणाले.

ती टेबलापाशी आली. झा. ७ वर बोट ठेवून म्हणाली, "इथंच होता तो." वाचता येत नव्हतं तिला. मग वासुदेवरावांना हात जोडून ती निघाली, कारण गिरडची एसटी दुपारी एकच होती. नत्थूजी आधीच गेला होता.

चित्र आता पुरावा झालं होतं, त्यामुळं ते परत भिंतीवर लावता येईना. कारकुनानं ते प्रकरणाच्या फायलीला जोडलं. फाइल लहान पडत होती म्हणून त्याची चार घड्या घालून चौकोनी पुडी केली, भोक पाडलं, आणि दोरा ओवला. हे त्यानं आमच्या देखत केलं. अजूनही कुठल्यातरी गठ्ठ्यात असेल.

आम्ही बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बसलो. वासुदेवरावांची बोटं पिवळी झाली होती. जन्मभर ज्यांनी कोणाची भीड ठेवली नाही, त्या मास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझी चूक झाली. तुम्ही म्हणत होते ती ओळ लिहू द्यायची होती."

"लिहिली असती तर चित्र बिघडलं असतं," वासुदेवराव म्हणाले.

थोडा चहा प्यायल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, खरं सांगजा. ते चांगलं होतं ना?"

"माझ्यापेक्षा चांगलं होतं," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून तसं झाड कधी होणार नाई."

वासुदेवरावांनी मान हलवली. "मले वाटलं होतं तुम्ही बक्षीस मिळालं म्हणून म्हणता. मी तर घाईत काढलं होतं, नीट पाह्यलंच नव्हतं. आज पुसून राह्यलो होतो तवा पाह्यलं."

मग ते रडले. टपरीवर, चारचौघांत, तोंड न लपवता, कप हातात धरून. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते थांबेपर्यंत काढला नाही. मी तीन चहाचे पैसे दिले.